अर्धे बुडालेले मणी

ऑक्टोबर हा आमच्याकडचा सगळ्यात काळा महिना.
बर्फ अजून पडलेलं नसतं
(बर्फ म्हणजे निदान थोडा उजेड तरी),
डांबर ओलं, जंगल ओलं,
कयानीच्या उत्तरेला चाळीस किलोमीटर एकही खांब नाही.
या महिन्यात मी रेषा मोजते.

माझं यंत्र बाबागाडीएवढं.
रेषेवर ठेवायचं आणि थांबायचं.
तीस मीटर पुढे बघणाऱ्या चालकाचा डोळा होऊन
ते वाकून बघतं, आकडा सांगतं.
कोरड्यात दोनशे दहा.
ओल्यात एकोणीस.
एकोणीस म्हणजे रेषा आहे,
फक्त तुम्हाला सापडणार नाही.

रेषेला स्वतःचा उजेड नसतो, हे मला ओइवाने शिकवलं.
ताज्या गरम रंगावर तो काचेचे मणी सोडतो,
बारीक साखरेसारखे, मुठीत धरले तर निसटणारे.
मणी अर्ध्याहून जरासा जास्त बुडला पाहिजे.
पुरता बुडला की आंधळा.
वरवर बसला की पहिल्याच बर्फनांगराबरोबर गेला.
माणसांचंही असंच असेल का रे, मी विचारलं.
तो म्हणाला, मला रंगातलं कळतं.

मणी उजेड ज्याचा त्याला परत करतो.
कडेला उभ्या माणसाला काही दिसत नाही,
त्याच्यासमोरून रेषा काळीच जाते.
पण पावसात मण्यांवर पाणी चढतं,
उजेड पुढेच घसरत जातो,
उसने दिलेले पैसे जावेत तसा.

मंगळवारी रात्री चाचणीची गाडी आली.
चाकावर कुणाचे हात नव्हते.
आत सान्तेरी, मांडीवर संगणक,
गालात काळ्या ज्येष्ठमधाची गोळी.
पाऊस तिरका. मी मागून माझ्या व्हॅनमध्ये.
पिहलायसाल्मीच्या फाट्यावर
नवी रेषा नांगरांनी खाऊन टाकलेली,
आणि जुनी,
पूल झाला त्या वर्षी खरवडून काढलेली,
तिच्या चरीत पाणी साचून
पुलावरच्या दिव्याखाली लखलखत होती.

गाडीने जराही न अडखळता जुनी रेषा धरली.
डावीकडे. उतारावर. हळू, अगदी शिस्तीत,
फेरीबोटीच्या धक्क्याकडे,
जिथे अकरा वर्षांत बोट आलेली नाही.
लाकडी आडकाठी तिला दिसली, तेवढं बरं.
पुढे पाणी, रात्रीहून काळं.

कडेच्या घरातून एइनारी आला,
रबरी बूट, हातात विजेरी.
शेवटची बोट त्यानेच बांधून ठेवली होती.
काचेतून आत बघितलं,
रिकामं चाक बघितलं, सान्तेरीला बघितलं
आणि सवयीने विचारलं,
पलीकडे जायचंय?

कुणी हसलं नाही.
सान्तेरी म्हणाला, तिला वाटलं रस्ता इकडून आहे.
म्हातारा म्हणाला, होताच.

ती रेषा मी खरवडली होती.
तेव्हा मी यंत्रावर नव्हते, खरवडणाऱ्या टोळीत होते,
दोन दिवस कान बधिर झाले होते.
कागदावर लिहिलं होतं: काढली.
त्या रात्री गुडघ्यांवर बसून मी तिची चर मोजली.
चार.
यंत्राच्या लेखी तिथे काहीच नव्हतं.
माझ्या डोळ्यांत मात्र ती सरळ पाण्यापर्यंत जात होती.
मी वहीत चार लिहिलं,
शेजारी काय लिहावं ते सुचेना.

ओइवा म्हणतो, मे महिन्यात.
जाड रेषा घालू, उंचवट्यांची,
पाण्यातून मान वर काढणारी, मोठ्या मण्यांची.
चरीवर नवं डांबर. नुसता काळा रंग नको,
तोही ओला झाला की चमकतो.
मेपर्यंत तिथे एक फळी उभी केली आहे
आणि एइनारी, कुणी न सांगता,
पाऊस असला की धक्क्यावर कंदील टांगतो.
त्याने गाड्यांचा गोंधळ वाढेल, असं सान्तेरीचं पत्र आलंय.
ते म्हाताऱ्याला वाचून कोण दाखवणार?

घरी येऊन मोजे झटकले.
सकाळी वीज गेली होती, विजेरी लावली
तर स्वयंपाकघराच्या फरशीवर, स्टोव्हपासून दारापर्यंत,
मणी.
नवऱ्याला दिसेनात.
मी म्हटलं, विजेरी तू धर.